कवडी खुडूक बसली तेव्हा

"पाण्यात बुडवायची नाही. नाकात पीस खोवायचं नाही. पंखाला धरून भिरकावायची तर नाहीच नाही. दोन्ही तळहात तिच्या पोटाखाली घालायचे, देवाचं नाव घ्यायचं, उचलायची आणि उन्हात नेऊन ठेवायची. परत जाऊन बसली की परत उचलायची. रागवायचं मात्र नाही हो, बाई!"

महाराजांचे हे शब्द मनात घोळवीतच ठकूबाई टेकडी उतरली. कोंबडीचे गाऱ्हाणे घेऊन संतांच्या दारी जायचे म्हणजे तिला लाजच वाटली होती. पण महाराजांनी ते किती मन लावून ऐकले! कोंबडीचा रंग विचारला, ती कुठे बसते ते विचारले, आणि मगच सांगितले.

त्या काळी श्री कांबळीनाथ महाराज सावरदरी गावाच्या टेकडीवर वस्ती करून होते. अंगावर एक कांबळे, पुढ्यात धुनी, आणि दिवसभर मुखी नाम. महाराज फारसे बोलत नसत. पण जे बोलत ते ज्याने पाळले, त्याचे कधी वाकडे झाले नाही. ठकूबाई ही गावातली सुईण. वय साठीच्या घरात, अंगावर मांस नाही, मागेपुढे कोणी नाही. सकाळी धुनीच्या दिशेने हात जोडल्याखेरीज ती पाण्याचा घोट घेत नसे.

त्या साली गावात कोंबड्यांची मर आली होती. घरोघरची खुराडी ओस पडली. कोंबडा तर औषधालाही उरला नाही. वाचली ती ठकूबाईची एकटी कवडी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. आणि नेमका त्याच वेळी पाटलांच्या मंजुळेला सहावा महिना लागला होता. मंजुळेची आधीची दोन्ही बाळंतपणे ठकूबाईनेच केली होती, आणि दोन्ही वेळा मंजुळेचे हात रिकामे राहिले होते. पोर रक्ताने कमी, खाल्लेले अंगी लागत नव्हते. वैद्यबुवांनी सांगितले, "रोज एक अंडं पोटात जाऊ द्या. या खेपेला मूल पदरात पडायचं असेल, तर चुकवू नका." तेव्हापासून कवडीचे अंडे पदराखाली झाकून ठकूबाई रोज पाटलांच्या घरी पोचवी.

महिनाभर सुरळीत चालले. मग माघाच्या थंडीत एके दिवशी कवडी अंडे घालायची थांबली, रिकाम्या पाटीतल्या भुशावर अंग फुगवून बसली आणि जवळ गेले की गुरकावू लागली. खुडूक झाली! खाली अंडे नाही, पण हिने उबवायला घेतले. आणि खुडूक कोंबडी उठेपर्यंत अंडे देत नाही, हे कोणाला सांगायला नको.

पाटलीणबाई म्हणजे मंजुळेच्या सासूबाई, सुभद्राबाई. गाव त्यांना आक्कासाहेब म्हणे. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण शब्द धारेचा आणि मान ताठ. टेकडीवरच्या महाराजांना त्या 'धुनीपुढे शेकत बसणारा बुवा' म्हणत.

"ठके, त्यात काय एवढं?" टेकडीवरून उतरून ठकूबाई अंडे नाही हे सांगायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या. "घंगाळात गार पाणी भर, तीन बुचकळ्या दे. दोन दिवसांत सरळ येते. माझ्या आईनं शंभर कोंबड्या अशा उठवल्यात."

"आक्कासाहेब, महाराजांनी पाण्यात बुडवू नको म्हणून सांगितलंय."

"कोणी? त्या बुवानं?" आक्कासाहेब हसल्या. "आता कोंबड्यांचे वैद्य झाले होय महाराज! मग असं कर, आमच्या म्हशीलाही एखादा मंत्र आण. दोनदा दूध देते, ती तीनदा देईल."

ओसरीवरची गडीमाणसे खो खो हसली. ठकूबाई खाली मान घालून घरी आली. तिने दोन्ही हात कवडीच्या पोटाखाली घातले मात्र, आणि ती थबकलीच.

कवडीच्या पोटाला पीस म्हणून नव्हते! तिने आपल्याच चोचीने छातीवरची पिसे उपटून भुशात पसरली होती. खाली नुसती उघडी कातडी, आणि ती कशी? तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी हातावर घ्यावी, तशी ऊन. चाळीस वर्षे ठकूबाईने कोंबड्या पाळल्या, पण पंखाला धरून उचलायची सवय. पोटाखाली हात घालायची वेळच आली नव्हती. "अगं बाई," ती कवडीला म्हणाली, "कोणासाठी गं एवढं?" आणि नाम घेत तिने तिला उन्हात नेऊन ठेवले. कवडीने पंख झाडले, इकडेतिकडे पाहिले, आणि तुरुतुरु पाटीत जाऊन बसली.

असे किती वेळा झाले, त्याला गणती नाही. एक दिवस गेला, तीन गेले, पाच गेले. रोज पाटलांच्या घरून निरोप येई, "उठली का?" आणि रोज ठकूबाई नाही म्हणे. सहाव्या दिवशी आक्कासाहेब स्वतः दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सहा दिवस माझी सून अंड्यावाचून आहे. तोंड पांढरंफटक पडलंय तिचं. तू मात्र इथं कोंबडीला कुरवाळत बसलीस! या खेपेला काही कमीजास्त झालं ना ठके, तर ते तुझ्या माथी आणि तुझ्या बुवाच्याही!"

हे बोलणे ठकूबाईच्या काळजात रुतले. आक्कासाहेब गेल्या आणि तिने खरेच घंगाळ भरले. कवडीला उचलून पाण्यावर धरले. कवडीचे काळीज तिच्या तळहातावर धडधडत होते. एका बाजूला मंजुळेचा चेहरा, दुसऱ्या बाजूला महाराजांचा शब्द. ठकूबाईच्या डोळ्यांतून पाणी आले. "महाराज, मी अडाणी. तुम्ही का सांगितलंत ते मला कळत नाही. पण सांगितलंत ना? बस." तिने घंगाळ अंगणात लवंडून दिले.

नवव्या दिवशी झुंजूमुंजू होताना पाटलांचा गडी धावत आला. मंजुळेला कळा लागल्या होत्या. सातवाही महिना पुरा झाला नव्हता!

ठकूबाई तशीच निघाली. बाहेर हिंव पडले होते, पायवाटेवरचे गवत पांढरे झाले होते. ती पोचली तेव्हा तिचे हातपाय गारठून गेले होते. उन्हे ओसरीवर येण्याआधीच मंजुळा मोकळी झाली. मुलगी झाली. केवढी? एका ओंजळीत मावेल एवढी. ठकूबाईने बोट घालून तोंड साफ केले, पाठ चोळली. श्वास होता, पण दिव्याची वात विझताना हलते तसा. रडणे नाही. ओठ निळे.

"गुंडाळ तिला, गुंडाळ!" आक्कासाहेबांनी मऊ धडपे आणले, त्यावर दुपटे, त्यावर गोधडी. शेगडी जवळ ओढली. ठकूबाई बाळाचे पाऊल चाचपत राहिली. पाऊल गार. थोड्या वेळाने पाहिले, तर आणखी गार.

आणि एकाएकी तिच्या हातांना आठवले. तिला स्वतःला नव्हे, हातांना! ती उघडी, ऊन कातडी. कवडीने पिसे का उपटली होती? पिसे ऊब धरून ठेवतात, देत नाहीत. गोधडीही तशीच. ज्याच्यापाशी ऊब आहे, त्याची ती राखते. या लेकरापाशी राखायला ऊबच नव्हती.

ठकूबाईने गोधडी सोडली. दुपटे सोडले. धडपेही काढले.

"काय करतेस तू?" आक्कासाहेब किंचाळल्या. "थंडीनं मारतेस का लेकराला? शुद्धीवर आहेस का?"

"आक्कासाहेब, एवढं एकदा मला करू द्या."

मंजुळा तर ग्लानीत होती, तिचेही अंग गार पडले होते. तेव्हा ठकूबाईने आपली चोळी सोडली, ते उघडे बाळ आपल्या उघड्या छातीवर निजवले आणि वरून गोधडी ओढून घेतली. पण म्हातारीचे हिंवाने काकडलेले अंग. त्यात कुठून यावी ऊब? तिने डोळे मिटले. "कांबळीनाथा, कोंबडीला दिलीस, मला दे. मला नको, हिला दे."

आक्कासाहेब भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. कुजबुजल्यासारखे त्यांचे शब्द ठकूबाईच्या कानी आले, "नाथबाबा, मी तोंडाची वाईट. पण हे लेकरू एकदा रडू दे. तुझ्या धुनीला माझ्या डोक्यावरून लाकूड आणून घालीन."

आणि काय नवल सांगावे! ठकूबाईच्या छातीत जणू कोणी निखारे फुलवले. हाडांतून ऊन ऊन वाहू लागले. माघाच्या त्या सकाळी तिच्या कपाळावर घाम आला. बाळाचे पाऊल आधी कोमट झाले, मग ऊन. निळे ओठ जांभळे झाले, जांभळ्याचे गुलाबी. त्या एवढ्याशा जिवाने मूठ वळली, तोंड वाकडे केले, आणि बाळ रडले! मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण सगळ्या घराने तो ऐकला. ग्लानीतली मंजुळा म्हणाली, "कोण रडतंय?"

"तुझी लेक, बाई, तुझी लेक!" ठकूबाईला हसू आवरेना, रडूही आवरेना. गरम दूध पाजून, पाय शेकून तिने मंजुळेचे अंग उबदार केले आणि मग बाळ आईच्या छातीवर तसेच उघडे निजवले. "असंच ठेव गं. दिवसरात्र ठेव, थकलीस की मी आहे." बाळाने चुळबुळ केली आणि आईला बिलगून ते शांत झोपले. बाहेर ओसरीवर पाटलांनी केवढा तरी सुस्कारा सोडला, तो आतपर्यंत ऐकू आला.

एवढ्यात दारात टेकडीवरचे म्हातारे सेवेकरी धर्माजी काठी टेकत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. घरातून तर अजून कोणी बाहेरही पडले नव्हते.

"ठकूबाई इथं आहे का?" त्यांनी विचारले. "महाराजांनी पुसायला धाडलंय. सकाळपासून नुसते कुडकुडतायत. धुनीत चार ओंडके सारले, माझंही कांबळं घातलं, तरी अंग बर्फासारखं. मी घाबरलो, तर हसून म्हणाले, 'अरे, ऊब जरा गावात पाठवलीय. जा, ठकीला विचारून ये, पिल्लू हललं का?'"

ठकूबाईने टेकडीच्या दिशेने हात जोडले. तिचे डोळे वाहत होते. आक्कासाहेब मात्र पुढे झाल्या आणि त्यांनी सुइणीच्या पायांवर डोके ठेवले.

"अहो, हे काय!" ठकूबाईने पाय मागे घेतले. "माझ्या पाया नका पडू. मला तरी काय ठाऊक होतं? मी नुसतं सांगितल्यासारखं केलं."

"तेवढंच मला जमलं नाही गं, ठके," आक्कासाहेब म्हणाल्या. त्यांनी टेकडीकडे तोंड करून जमिनीला कपाळ टेकले. "महाराज," त्या म्हणाल्या, "तुम्हाला शेकत बसणारा म्हणाले मी."

धर्माजींनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ते ओसरीवर विसावले. घरात धांदल उडाली. कोणी पाणी तापवी, कोणी बाळंतिणीसाठी शेवया करी. त्या गडबडीत आक्कासाहेब कुठे दिसेनात.

ठकूबाईने सहज खिडकीतून पाहिले. मागच्या अंगणात, लाकडांच्या ढिगापाशी त्या एकट्याच होत्या. जाडजाड वाळकी लाकडे निवडून त्यांनी मोळी बांधली. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची चुंबळ वळायचा प्रयत्न केला. ती दोनदा सुटली, तिसऱ्यांदा जमली. गडी धावत आला, "आक्कासाहेब, तुम्ही कशाला? मी नेतो की!" त्यांनी मान हलवून नको म्हटले, फक्त मोळी डोक्यावर चढवायला त्याची मदत घेतली. ज्या डोक्यावर जन्मात कधी ओझे आले नव्हते, ते आधी डगमगले, मग सावरले.

वहाणा अंगणातच राहिल्या. एक हात मोळीला लावून त्या टेकडीच्या वाटेला लागल्या.