राजाचं झोपघर

राजाने गावचा ढोल काढून घेतला.

सुलावेसी बेटावर बुलुबाटू नावाचं गाव होतं. चौकात पोकळ लाकडाचा ढोल टांगलेला असे. आग लागली, चोर आला, नदी चढली, की जो पहिला बघेल त्याने तो बडवायचा. सारं गाव धावून यायचं. पण राजाला झोप प्रिय! तो जेवून झोपे आणि उठून जेवे. ढोलाने त्याची झोपमोड झाली. त्याने ढोल वाड्यात नेऊन ठेवला आणि हुकूम काढला, "मी झोपलो असताना जो आवाज करील, तो वर्षभर बदकांच्या खुराड्यात राहील!"

हुकूम खरा होता. प्रधान एकदा शिंकला. तो अजून बदकांत होता.

मग ला सक्का नावाच्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघराला आग लागली. शेजारी घरोघर गेले आणि एकेकाच्या कानात कुजबुजले, "आग लागली बरं का." गाव जमेपर्यंत राख झाली होती. पुढच्या आठवड्यात त्याची म्हैस चोरीला गेली. चोर दिसला, पण ओरडायचं कोणी?

ला सक्काची मुलगी तेन्री तडक राजाकडे गेली.

"महाराज, आमचा ढोल द्या."

"कशाला? माझ्या राज्यात चोर नाहीत."

"मग आमची म्हैस काय माहेरी गेली?"

राजा संतापला. "माझे पहारेकरी डोळ्यांत तेल घालून असतात! इथली काडी हलणार नाही."

"महाराज, मी हलवून दाखवते."

"तू? बरं! उद्या भर दुपारी, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत माझी एक वस्तू चोर. वाटी-चमचा चालणार नाही, मोठी वस्तू हवी. त्यांना मारायचं नाही, गुंगी द्यायची नाही. जमलं तर ढोल तुमचा. नाही जमलं तर तुझ्या बापाचं घर माझ्या चुलीत!"

"चालेल," तेन्री म्हणाली.

बापाने डोकं धरलं. "अगं कार्टे, स्वयंपाकघर गेलं, म्हैस गेली, आता घरही घालवतेस?"

"बाबा, तुम्ही फक्त बांबू आणा. लांब आणि जाड."

त्या बेटावरची घरं लाकडी, उंच खांबांवर उभी. खांब दगडांवर नुसते टेकवलेले. कोणाला जागा बदलायची झाली की घर मोडत नाहीत. खाली बांबू बांधतात, सारं गाव खांदा देतं आणि घर उचलून नेतं. राजाचं झोपघरही तसंच होतं. वाड्याच्या अंगणात एक खोली, चार खांब, वर झावळ्यांचं छप्पर.

दुसऱ्या दिवशी राजा जेवून झोपघरात शिरला आणि घोरू लागला. पहारेकरी दक्ष! एकाने राजाचा पानाचा डबा छातीशी धरला, दुसऱ्याने जोडे काखेत मारले, तिसरा समईवरच बसला.

फाटकातून गाव आत आलं. अनवाणी. मुकाट्याने बांबू बांधू लागलं.

पहारेकऱ्यांचा नाईक ला माड्डू. त्याने बोंब मारायला तोंड उघडलं. तेन्रीने खुराड्याकडे बोट दाखवलं. तिथे प्रधान बसला होता. डोक्यावर बदक होतं. नाईकाने तोंड मिटलं.

तेन्रीने पदर हलवला. घर उचललं गेलं!

नाईक भाला आडवा धरून वाटेत उभा राहिला. तेन्री त्याच्या कानाशी गेली.

"नाईककाका, अडवा खुशाल. पण घर आपटलं की महाराज जागे होतील. कोणामुळे?"

नाईकाने विचार केला. घर एका बाजूला कलू लागलं होतं. आतलं घोरणं थांबल्यासारखं झालं. नाईकाला घाम फुटला. त्याने भाला टाकला आणि बांबूला खांदा दिला. मग बाकीचे पहारेकरीही धावले. पानाचा डबा आणि जोडे घेऊन. "हळू, हळू," असं ते हातांनीच एकमेकांना सांगत होते.

वाडा सुटला, बाजार सुटला. घर गावाबाहेर म्हशींच्या डबक्याकाठी जाऊन टेकलं.

राजा उठला तो कसल्याशा खरखरीत स्पर्शाने. म्हशीने खिडकीतून मान घातली होती आणि ती त्याचा तळपाय चाटत होती.

"चोर! धावा! धावा!"

"हळू, महाराज," तेन्री खालून म्हणाली. "झोपेच्या वेळी आवाज केला की बदकांत जावं लागतं."

राजाने खाली पाहिलं. "पहारेकरी कुठे मेले?"

"इथेच आहोत, महाराज," नाईक म्हणाला. "आपल्या घराखाली."

"मूर्खा! बोंब का मारली नाहीस?"

"मारली की, महाराज!" तेन्री म्हणाली. "मनातल्या मनात. फार मोठी मारली. नाईककाकांचे डोळे बघायला हवे होते!"

"पण तुला वस्तू चोरायला सांगितली होती. तू राजाच उचलून आणलास!"

"मी घरच चोरलं, महाराज. आपण आत होता. घर चाललं तेव्हा आपण उठून निघून का नाही गेलात?"

"कसा जाणार? मी झोपलो होतो! मला कोणी उठवलंच नाही!"

"आमचंही तेच झालं, महाराज. म्हणून तर ढोल मागते!"

राजा हसू लागला. इतका हसला की झोपघर खांबांवर डुलू लागलं आणि म्हैस मागे सरकली.

"ढोल आजच्या आज चौकात टांगा!" तो म्हणाला. "प्रधानाला बाहेर काढा. या पोरीला दोन दुभत्या म्हशी द्या. आणि हे झोपघर इथेच राहू दे. यात गावचे रात्रीचे राखणदार बसतील."

"आणखी एक, महाराज," तेन्री म्हणाली.

"आता काय राहिलं?"

"ज्याचं घर हलवलं, त्याने खांदेकऱ्यांना जेवण घालायचं. आमच्याकडे तशी रीत आहे."

राजाने खिडकीतून सारं गाव नजरेखालून घातलं. "हे सगळे?"

"आणि आपले पहारेकरीसुद्धा. सगळ्यात जास्त वजन त्यांनीच उचललं!"

राजा पुन्हा पोट धरून हसला आणि नाईकाला म्हणाला, "जा, भात टाकायला सांग. आणि ओरडत जा!"