चढावरचं दार

"मग चूक कुणाची, उस्ताद? माझी, का त्या रस्त्याची?"

विश्वजित शेडगेनं हे विचारलं तेव्हा हैदर मिस्त्री गाडीच्या एका दाराची बिजागरी रॉकेलमध्ये धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी बाकावर बसलो होतो. माझी स्कूटर आठवडाभर त्यांच्या गॅरेजात पडून होती आणि तिच्या निमित्तानं मीही.

विश्वजित इथंच सात वर्षं शिकला. मग साताऱ्यात हमरस्त्याला स्वतःचं गॅरेज काढलं आणि पाटीवर 'दरवाजा स्पेशालिस्ट' असं रंगवून घेतलं. "उस्तादांना जमलं नाही ते माझ्याकडं आणा," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. हैदरभाईंच्या कानावर ते गेलं होतं. ते फक्त हसले होते.

आज विश्वजितकडं बघून हसू येण्यासारखं नव्हतं. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"दाभोळेबाईंचं ऐकलंत ना?"

"ऐकलं."

सगळ्या गावानं ऐकलं होतं. बाईंच्या जुन्या गाडीचं दार उघडं राहत नव्हतं. दारात एक खाचांची लोखंडी पट्टी असते, तिच्या खाचेत रोलर बसला की दार तिथंच थांबतं. त्या खाचा झिजल्या होत्या. विश्वजितनं त्या वेल्डिंगनं भरल्या, कानशीनं घासल्या आणि दार थांबवलं. चार दिवसांनी घरासमोरच्या चढावर बाई दोन्ही हातांनी काठी टेकत गाडीतून उतरत होत्या. मुलगा डिकीतून पिशवी काढत होता. उघडलेलं दार परत अंगावर आलं. बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्या आता पुन्हा चालणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

"त्यांच्या मुलानं काल गाडी माझ्या दारात आणून लावली," विश्वजित म्हणाला. "चावी बॉनेटवर ठेवली. एक शब्द बोलला नाही, उस्ताद. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"मग?"

"तुम्ही माझ्यासंगं चला. काम पक्कं होतं, एवढं त्याला सांगा. तुमचा शब्द गावात कुणी मोडत न्हाई."

"काम पक्कं होतं?"

"दहादा उघडून बघितलं मी! फरशीवर दार हललं न्हाई. आता त्यांच्या घरापुढं एवढा चढ, गाडीचं तोंड वर... त्याला मी काय करणार?"

नाचता येईना, अंगण वाकडं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं.

हैदरभाईंनी हात पुसले.

"फरशीवर तर झिजलेलं दारबी थांबतंय, इश्वा. चढ नसता तर ती पट्टी कुणी कशाला बसवली असती?"

हैदरभाई काठी टेकत उठले.

"गाडी आणलीस?"

"बाहेर हाय."

"चढावर घे."

गॅरेजमागं किल्ल्याकडं जाणारी चढाची वाट आहे. या गॅरेजातलं प्रत्येक दार तिथं नेऊन बघायची हैदरभाईंची रीत होती, आणि विश्वजितनं सात वर्षं त्या वाटेवर गाड्या ढकलल्या होत्या. स्वतःचं गॅरेज झाल्यावर त्यानं गुळगुळीत फरशी बसवली आणि ती वाट सोडून दिली.

त्यानं गाडी चढावर लावली, हँडब्रेक ओढला. हैदरभाईंनी त्याला डाव्या सीटवर बसायला लावलं आणि आपली काठी त्याच्या हातात दिली.

"दोन्ही हातांनी धर. सोडायची न्हाई. आता उतर."

"असं कसं उतरू?"

"बाई कशा उतरत होत्या?"

...

विश्वजितनं कोपरानं दार ढकललं. दार उघडलं, थांबलं. त्याच्या चेहऱ्यावर थोडा जीव आला. मग त्यानं डावा पाय बाहेर टाकला, काठी टेकली, अंग पुढं रेटलं... आणि गाडी जराशी डुलली.

दार आलं. सावकाश आलं, पण सगळ्या वजनानिशी नडगीवर आलं.

"उस्ताद! दार धरा!"

हैदरभाई हातभर अंतरावर उभे होते. त्यांचे हात पाठीमागं बांधलेले होते. ते हलले नाहीत.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू? धावत जाऊन मीच ते दार ओढावं असं वाटलं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते बघून मी जागीच थांबलो.

विश्वजितनं पुन्हा हाक मारली नाही. काठी टाकली, दार लोटलं, खाली उतरला आणि तिथंच मातीत बसला.  वरून एक बाई लाकडांची मोळी घेऊन उतरली, आमच्याकडं बघून पुढं गेली.

"मी दार बाहेर उभा राहून बघत होतो," तो शेवटी म्हणाला. "आत बसून एकदाबी बघितलं न्हाई."

त्यानं दारातल्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"आता पट्टी नवीन बसवतो. पण त्यानं काय हुणार? त्या चालायच्या न्हाईत... त्यांच्या मुलाला मी काय सांगू, उस्ताद?"

हैदरभाईंनी वाकून काठी उचलली. तिची माती बोटांनी पुसली.

"बाईंना घरी कधी आणणार हायत?"

"गुरुवारी."

...

"त्यांच्या आधी चढावर जाऊन हुबा रहा, दार धरायला."