पिवळे तळहात

फार पूर्वी सुवीर नगरात उग्रधन्वा नावाचा राजा गादीवर होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्याच दरबारात धीरसेन नावाचा अमात्य होऊन जन्मला होता.

राज्याच्या टोकाला शिलापद्र नावाचे गाव होते. तिथल्या डोंगरात पिवळी माती निघे. राजाचे कारागीर त्या मातीपासून एक अग्निशस्त्र बनवत आणि गावाच्या पश्चिमेकडच्या माळावर ते उडवून पाहत. शस्त्र उडाले की भर दुपारी दुसरा सूर्य उगवल्यासारखा उजेड पडे. राजा ते दूरच्या टेकडीवरच्या मंडपातून बघे आणि प्रसन्न होई. पुढे शत्रू घाबरून तह करायला आला, खाण बंद झाली आणि नगरातले लोक सगळे विसरून गेले. खाणकरी मात्र खोकू लागले. तरणीताठी माणसे पायऱ्या चढताना मध्येच बसू लागली आणि एकेक करून मरू लागली.

धीरसेनाने राजाला सांगितले, की ही माणसे आपल्या कामापायी खचली आहेत, त्यांचा भार आपणच घेतला पाहिजे. राजा दगडाच्या काळजाचा नव्हता, पण त्याचा हात आखडता होता. त्याने ठरवले, की प्रत्येक खाणकऱ्याला एक दुभती गाय द्यावी आणि राजवैद्याचे औषध जन्मभर मिळावे. खाणकरी कोण, हे ओळखायचे तळहातावरून. त्या मातीचा पिवळा डाग कशानेच जात नसे. खोटे सोंग आणणाऱ्याला राज्याबाहेर घालवायचे. राजाने पाचशे गाई काढून ठेवल्या आणि वाटपाचे काम धीरसेनाकडे देताना हसून म्हटले, की वाटून उरतील त्या गाई तुमच्या. माणसाला कुठे धरायचे हे त्या राजाला चांगले कळत होते.

शिलापद्रात सोमिल नावाचा खाणकरी आणि कुंडक नावाचा कुंभार भिंतीला भिंत लावून राहत. पहिल्या वाटपात सोमिलच्या दारी एक कपिला गाय आली आणि कुंडकाची झोप उडाली.

पहाटे पलीकडे धार काढायला सुरुवात होई. चरवीत पडणाऱ्या दुधाचा तो आवाज कुंडकाला अंथरुणातच टोचे. मग दूध तापल्याचा वास येई. गाय मधल्या भिंतीला मान घाशी, तेव्हा कुणी आपलीच पाठ खरवडते आहे असे त्याला वाटे. पलीकडून खोकलाही ऐकू येई, रात्र रात्र ऐकू येई, पण तो कुंडकाने कधी मनावर घेतला नाही. धार तेवढी ऐकली.

"केलं काय असं त्यानं?" तो बायकोला म्हणे. "मातीच उकरली ना? मी जन्मभर मातीत आहे. मला कुणी शेळी तरी दिली का?"

त्याची बायको धनिका काही बोलत नसे. ऐन उन्हाळ्यातही ती गळ्याभोवती पदर गुंडाळून घेई. तिचा आवाज बसला होता, आणि भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात बराच वेळ घोळत राही. कुंडकाने हे पाहिले नव्हते असे नाही. आपल्या दारी गाय नाही म्हणून हीही रुसली आहे, अशी त्याने मनाची समजूत करून घेतली होती.

दुसऱ्या वाटपाची दवंडी पिटली गेली, तेव्हा कुंडकाने बंद खाणीच्या तोंडाशी पडलेल्या ढिगातून पाटीभर पिवळी माती आणली. ती भिजवली आणि घरामागे बसून मळू लागला. कातडीची आग होत होती, तरी तो मळतच राहिला. रंग पक्का चढला तेव्हा त्याला भट्टीतून चांगले मडके निघाल्यासारखे समाधान वाटले.

वाटपाच्या दिवशी धीरसेन वडाखाली बसला होता. कुंडक पुढे झाला आणि त्याने दोन्ही तळहात पसरले. वाटपावरच्या अधिकाऱ्याने ते पाहून गाईचे दावे सोडायला घेतले. धीरसेनाने त्याला थांबवले. त्याने कुंडकाच्या हातांकडे पाहिले, मग बाजूला बसलेल्या सोमिलकडे आणि इतर खाणकऱ्यांकडे पाहिले.

"खाणीत पणती कुठल्या हातात धरायचास?" त्याने विचारले.

कुंडकाला प्रश्नच कळला नाही. खाणकऱ्यांना कळला, आणि त्यांनी माना खाली घातल्या. खाणीतली ती माती मऊ असे. डाव्या हातात पणती धरायची आणि उजव्या हाताने माती ओढून काढायची, अशीच तिथली रीत होती. त्यामुळे एकूण एक खाणकऱ्याचा उजवाच तळहात पिवळा होता.

"तू कुंभार आहेस," धीरसेन शांतपणे म्हणाला. "एका हातानं माती मळायची तुला सवय नाही."

अधिकाऱ्याने कुंडकाचे दंड धरले. आज्ञा स्पष्ट होती, सूर्य मावळायच्या आत याला सीमेपलीकडे घालवायचे. तेवढ्यात सोमिल वडाच्या बुंध्याला धरून उठला. उभे राहून श्वास जमवायलाच त्याला वेळ लागला.

"याला घालवू नका, स्वामी," तो म्हणाला. "हा गेला तर याची बायको याच्यामागं जाईल, आणि तिला माझ्या गाईचं दूध लागतं."

कुंडक त्याच्याकडे बघतच राहिला.

"मला दूध पचत नाही रे," सोमिल त्याला म्हणाला. "आणि धनिकाला दुधाशिवाय दुसरं काही गिळवत नाही. तू चाकावर बसलास की माझी बायको रोज मागच्या दारानं तुझ्या घरी मडकं पोचवते. धनिकानंच आम्हाला शपथ घातली होती. 'आमच्या यांना कळलं तर मडकंच फोडतील,' म्हणाली."

इतके दिवस ज्या धारेने कुंडकाचे काळीज जळत होते, ती त्याच्याच घरी येत होती. पिवळे हात कुठे लपवावेत हे त्याला सुचेना.

धीरसेनाने धनिकाला बोलावून घेतले. तिने पदर सोडला. गळ्यावर लिंबाएवढी गाठ होती. ते पाहून कुंभारआळीतल्या आणखी दोघी-तिघी पुढे आल्या, एकीच्या कडेवर मूल होते. कुणाचाच पाय कधी खाणीत पडला नव्हता. धनिका बसक्या आवाजात सांगू लागली, की माळावर शस्त्र उडाले की वाऱ्याबरोबर पांढरी राख येई. ती छपरांवर, अंगणात, पाण्याच्या रांजणात पडे. मुले तिचा अंगारा लावत. बायका ती मडक्यांत भरून ठेवत, कारण तिने भांडी लखलखीत निघत. तिच्याकडे अजूनही एक मडके भरलेले होते.

अधिकारी धीरसेनाच्या कानाला लागला. आज्ञा फक्त खाणकऱ्यांसाठी आहे, तो म्हणाला, आणि वाटप इथेच संपवले तर दोनशेच्या वर गाई स्वामींच्या गोठ्यात जातील. धीरसेनाला गाई आवडत. भरलेला गोठा त्याने मनात एकदा पाहूनही घेतला होता. आपण परत येईपर्यंत कुंडकाला गावातच ठेवायला त्याने सांगितले. राखेचे मडके झाकून घेऊन तो नगराकडे निघाला.

तो पोहोचला तेव्हा राजा जेवायला बसत होता. धीरसेनाने सगळी हकिगत सांगितली. राजा म्हणाला, की माळ ओसाड आहे, तिथे कुणी राहत नाही, असेच मला सांगितले होते. आणि राखेने कुणी मरत नाही. धीरसेनाने मडके सोन्याच्या ताटाशेजारी ठेवले आणि वरचे झाकण काढले.

"त्या बायका हीच राख घेऊन भांडी घासतात आणि त्यातच जेवतात. महाराजांनीही आज आपलं ताट हिनंच घासून घ्यावं."

राजाने झटकन ताट मागे ओढले.

"ताट मागं का घेतलंत, महाराज?"

राजा ताटावर हात आडवा धरून बसून राहिला. शेवटी म्हणाला, की राख पडलेल्या घरांनाही गाय द्या, औषध द्या. पण पाचशेवर एक गाय वाढवून मिळणार नाही.

"उरलेल्या माझ्याच होत्या," धीरसेन म्हणाला. "मी त्या दिल्या. आणि कुंभाराची शिक्षाही मागं घ्या. त्याचं नुकसान खरं होतं. शेजाऱ्याकडं बघण्याच्या नादात त्याला ते दिसलं नाही, इतकंच."

राजाने मान डोलावली. कुंभारआळीत गाई वाटल्या गेल्या. शेवटी एक घर उरले आणि गाई संपल्या. धीरसेनाने आपल्या दारची, मुलांच्या दुधाची गाय सोडून तिकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या वाड्यात धार काढल्याचा आवाज त्याच्या कानावर आला. शिलापद्रात आता किती दारांशी हा आवाज होत असेल, हे मनात येऊन तो अंथरुणातच हसला.

धनिका पुढच्या सुगीपर्यंत जगली. तेवढे दिवस कुंडकाने स्वतः धार काढून तिला दूध पाजले. पुढे त्याच्या तळहातांची साले निघू लागली आणि चाकावर माती धरवेनाशी झाली. तो राजवैद्याच्या दारी रांगेत सोमिलशेजारी बसू लागला. तेव्हा त्याचा हेवा कुणालाच वाटला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. एका आजारी भिक्षूला औषध म्हणून तूप मिळे, आणि शेजारच्या कुटीतला भिक्षू त्यावरून कुढत असे. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तूप पाहून कुढणारा हा भिक्षू तेव्हा कुंडक होता. आजारी भिक्षू सोमिल होता. आज विहाराच्या दारी ते तूप आणून देणारी उपासिका धनिका होती. राजा या सभेत नाही. तो अजून निरनिराळ्या नगरांत जन्म घेतोच आहे. आणि अमात्य धीरसेन मीच होतो. दुसऱ्याच्या दारची धार ऐकून ज्याला आनंद होतो, त्याच्या त्या आनंदाला मुदिता म्हणतात."

कुढणारा भिक्षू उठला. आजारी भिक्षूच्या कुटीत जाऊन त्याने तुपाची वाटी उचलली आणि त्याला आपल्या हाताने पाजली.