झिरा कोणी उपसायचा

नदी आटल्यावर वाळूत खड्डा करून काढलेले पाणी तुम्ही कधी प्यायला आहात का, मुलांनो? त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. हातभर खोल वाळू उकरली की तळाशी हळूहळू पाणी पाझरते, आणि वाळूतून गाळून आल्यामुळे ते अगदी नितळ असते. पण झिऱ्याचे एक पथ्य आहे. रात्रभर साचलेले पाणी सकाळी आधी उपसून टाकायचे, नवे पाझरू द्यायचे आणि मगच प्यायचे. हे पथ्य पाळले नाही, तर झिऱ्यात आणि डबक्यात काही फरक उरत नाही.

अशाच एका आटलेल्या नदीकाठच्या रानात एक अस्वलीण राहत होती. त्या उन्हाळ्यात नदीत एकच डोह उरला होता आणि सगळे प्राणी त्याचेच पाणी पीत. त्यातच रानडुकरे लोळत, तरस आपली उरलीसुरली शिकार तिथेच आणून टाकी, आणि वरच्या झाडावरून वानरे जे काही खाली सोडत ते सांगायलाच नको. ते पाणी पिऊन अस्वलिणीचे पिल्लू आठ दिवस जुलाबाने हैराण झाले होते. एरवी आईच्या पाठीवर घट्ट बसून रानभर हिंडणारे ते पोर आता पाठीवरून घसरू लागले होते.

ती रानडुकराकडे गेली. "भाऊ, पिण्याच्या पाण्यात लोळू नका हो. माझं पोर आजारी आहे."

"आम्ही कडेला लोळतो," रानडुक्कर म्हणाले. "घाण होते ती तरसामुळे."

तरस म्हणाला, "मी टाकून टाकून टाकतो दोन हाडं. त्या वानरांचं बघा आधी."

आणि वानर म्हणाले, "आम्ही तर पाण्याला पायसुद्धा लावत नाही, मावशी."

अस्वलिणीने कपाळाला हात लावला. मग ती डोहापासून बरीच वर गेली, आपल्या लांब नखांनी वाळू उकरून तिने एक झिरा खणला आणि त्याच्या कडेने दगड रचले. अशी बातमी लपून थोडीच राहते? दुसऱ्याच दिवशी सगळे हजर. तिने कोणाला नाही म्हटले नाही. एवढेच सांगितले, "जो पहिला येईल त्याने शिळं पाणी उपसायचं. बाकीच्यांनी रांगेने प्यायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

झाले असे, की त्या दिवसापासून पहिले कोणी येईचना. उजाडताच सगळे काठावर जमत, पण झाडाआड उभे राहत. रानडुक्कर खोडाला पाठ घाशी, वानर आपल्या शेपटीतल्या उवा शोधी, सांबरीण पाडसाला उगाचच चाटत राही.

"व्हा पुढे, दादा."

"छे छे, आधी तुम्ही. तुमचा मान मोठा."

"मला अजून तशी तहान नाही."

तेवढ्यात अस्वलीण पिल्लाला पाठीवर घेऊन येई. तिला थांबणे परवडणारे नव्हते. ती ओणवी होऊन पाणी उपसू लागे, आणि नवे पाणी पाझरले रे पाझरले, की सगळ्यांना एकदम तहान लागे.

असे पंधरा दिवस गेले. चांगल्या पाण्याने पिल्लाचे पोट सुधारत होते, पण अस्वलिणीची नखे झिजली, कंबर धरली. शेवटी ती म्हणाली, "उद्यापासून पाळी लावा. मी एकटी किती दिवस उपसू?"

"तुमच्यासारखं कोणाला जमणार, मावशी?" वानर म्हणाले. "आमची बोटं बघा किती नाजूक."

"याच बोटांनी काल कवठ फोडलंत."

"ते वेगळं."

पाळी काही लागली नाही. तिच्यामागे त्यांची कुजबुज मात्र झाली, आणि चार दिवसांनी भर सकाळी त्यांनी झिऱ्याच्या काठावर अस्वलिणीचा सत्कार ठेवला. वानरांनी बहाव्याच्या फुलांचा जाडजूड हार करून तिच्या गळ्यात घातला. रानडुकराने भाषण केले. "मावशी आहेत म्हणून आपण आहोत," असे ते तीनदा म्हणाले. हार बघायला सगळे पुढे सरसावले. त्या रेटारेटीत कडेचे दगड सरकले, वाळू आत ढासळली, फुले आणि पाने पाण्यात पडली. सांबरिणीच्या पाडसाने त्या गढूळ पाण्याला तोंड लावले, तसे तिने त्याला मागे ओढले. अस्वलिणीचे पिल्लू तर पाण्याकडे बघून रडायलाच लागले.

"आता मावशी दोन शब्द बोलतील," तरस म्हणाला.

अस्वलिणीने गळ्यातला हार काढला आणि रानडुकराच्या सुळ्याला अडकवला.

"हा तुम्हीच ठेवा," ती म्हणाली. "माझ्या पोराला पाणी हवं होतं. इतक्या दिवसांत एकाने, एकदा तरी वाकून ओंजळभर पाणी बाहेर टाकलं असतं, तर मला हाराहून बरं वाटलं असतं. मी वरच्या वळणावर दुसरा झिरा खणते आहे. यायचं त्याने यावं, पण उपसायला यावं."

ती पिल्लाला पाठीवर घेऊन निघून गेली.

"रागावल्या वाटतं," वानर म्हणाले.

"येतील हो उद्या," तरस म्हणाला. "जाऊन जाऊन जाणार कुठे?"

सांबरीण मात्र ढासळलेल्या झिऱ्याकडे बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुक्कर, तरस आणि वानरे जुन्या झिऱ्यापाशी आपापल्या झाडाआड उभी राहिली, ऊन चढेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, आणि मग डोहावर जाऊन तेच पाणी प्यायली. तिकडे वरच्या वळणावर अस्वलीण पिल्लाला घेऊन पोचली, तेव्हा तिने आदल्या दिवशी खणलेला नवा झिरा उपसून झाला होता, आणि सांबरीण पुढच्या खुरांवरची ओली वाळू झटकत, नवे पाणी पाझरण्याची वाट पाहत पाडसासह उभी होती.

तात्पर्य : पाणी स्वच्छ राखणाऱ्याचे कौतुक केल्याने पाणी स्वच्छ राहत नाही, त्यासाठी ज्याला त्याला स्वतः वाकावे लागते.