कासवाचा घोडा

नद्यांना अजून नावंही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका कासवाने हौसेने घोडा ठेवला. घोड्याची अट एकच होती. रोज पोटभर कोवळं गवत हवं, आणि ते मिळायचं टेकडीपलीकडे.

शेजारच्या घोरपडमावशीला हे काही बघवेना. पूर्वी हे कासव तिच्याबरोबर दगडावर मस्त ऊन खात पडायचं. आता त्याची सकाळ गवत कापण्यात जायची, दुपार खरारा करण्यात आणि संध्याकाळ घोड्यावरच्या माश्या हाकलण्यात.

शेवटी तिने विचारलंच, "काय रे, एवढा जीव काढतोस, पण घोड्यावरून जातोस तरी कुठे?"

"टेकडीपलीकडे, मावशी."

"कशाला?"

कासवाने मान कवचात ओढली. "गवत आणायला."

मावशी इतकी हसली की दगडावरून घसरली. "अरे वेड्या, सोडून दे त्याला! तुला शहाणं कोण म्हणेल?"

"एकदा बसून तर बघ," कासव म्हणालं.

त्याची खोड मोडायची म्हणून मावशी बसली. घोडा उतारावरून सुसाट सुटला. जन्मभर जमिनीला पोट घासत चाललेल्या मावशीच्या तोंडावर वारा आला आणि ती आनंदाने किंचाळली. घोडा थांबला तरी तिची पकड काही सुटेना.

"शुद्ध वेडेपणा आहे हा," खाली उतरल्यावर ती गंभीरपणे म्हणाली. "कुणाला परवडायचं हे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कासवाच्या दारात हजर झाली. डोक्यावर गवताचा भारा होता.

"वाटेत पडलं होतं," घोड्याकडे बघत ती म्हणाली. "वाया कशाला घालवा?"