कानांत बोटं

शैलजाच्या घरी टीव्हीवर जाहिरात लागली की आवाज बंद करायचा आणि नुसतं बघून माल ओळखायचा, असा खेळ होता. सगळ्यात मोठा दिसेल तोच माल, हे लेक चिंगीला पाठ.

शाळेच्या चित्रकला स्पर्धेत चिंगी पहिली आली. बक्षीस द्यायला आलेले नगरसेवक अण्णासाहेब ढमढेरे मात्र तासभर स्वतःचेच पोवाडे गात राहिले. चिंगीनं कानांत बोटं घातली. ते अण्णासाहेबांनी पाहिलं.

"काय गं, बक्षीस नको वाटतं?"

शेजारी बसलेल्या शैलजानं पटकन तिचे हात खाली ओढले.

"काका, जाहिरात लागली की आम्ही आवाज बंद करून माल ओळखतो."

"अस्सं? मग मी काय विकतोय?"

चिंगीनं मागच्या फलकाकडे बोट दाखवलं. मुलांची चित्रं तिकिटाएवढी, अण्णासाहेब दाराएवढे.

"तुम्हालाच! पण जाहिरात बघून आमच्याकडे काही घेत नाहीत."