रिकामी कडी

फार पूर्वी एका राजाने डोंगरावरच्या देवळातली पितळी घंटा काढून आणली आणि महालात मखमलीवर ठेवली. कुणी तिला हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

एकदा कबुतराने बातमी आणली, "देवळात आता लोखंडी घंटी बांधलीय. बाप पोरांना खांद्यावर घेऊन वाजवायला लावतात."

घंटेचा जळफळाट झाला. "ती भिकार घंटी? माझ्या जागी? माझ्या आवाजाने गुरं घरी वळायची!"

"तुझ्या जागी नाही, ताई. ती खांबाला बांधलीय. तुझी छताची कडी रिकामीच आहे. दर दसऱ्याला तिला तेल लावतात."

तेवढ्यात राजा पाहुण्यांना घेऊन आला. "ही माझी घंटा," म्हणत त्याने टोला दिला. मखमलीवर नुसतं थप्प झालं.

"हिचा आवाज कुठे गेला?"

"महाराज," कबुतर म्हणालं, "तो तुम्ही कडीलाच ठेवून आलात."